दाढ एक, दर अनेक

नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे दोन ढीग शेजारी असले तरी त्यांना एकच भाव मिळत नाही, हे आपल्यातील प्रत्येक व्यापारी जाणतो. रंग, ओलावा, देठ, साऱ्यांचा हिशेब भावात उतरतो. मात्र म्हसावदचा तोच व्यापारी दाढेसाठी एकदा शहाद्यास व एकदा नाशकास विचारणा करतो आणि दोन आकड्यांतील अंतर पाहून ‘एक जण लुबाडतो आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

मुळात ‘रूट कॅनाल’ या एकाच नावाखाली निरनिराळी कामे येतात. पुढच्या वरच्या दातास बहुधा एकच नलिका असते. वरच्या मोठ्या दाढेस तीन मुळे व कित्येकदा चार नलिका. ही चौथी नलिका बारीक व दडलेली असते. ती शोधण्यात वेळ जातो, आणि राहून गेली तर दुखणे उलटू शकते. बी.डी.एस. झालेले दंतवैद्य हे काम करतातच. पुढे तीन वर्षांचे एम.डी.एस. केलेले तज्ज्ञ अवघड दाढ सूक्ष्मदर्शकाखाली हाताळतात. साध्या दातासाठी मात्र तज्ज्ञाकडे धावणे म्हणजे पावशेर जिरे आणण्यास ट्रक नेणे होय.

मोठे अंतर पडते ते कॅपमुळे. नुसत्या धातूची, धातूवर पोर्सलिनचा थर दिलेली, झिर्कोनियाची, अशी तिची किंमत चढत जाते. ती बहुधा बाहेरच्या लॅबमध्ये घडते; लॅबचे बिल दंतवैद्यास भरावे लागते. जागेचे भाडे, उपकरणे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करण्याचा खर्च हेही आलेच. शिवाय उपचारसेवा जीएसटीमुक्त असल्याने साहित्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट दंतवैद्यास मिळत नाही; तो कर मुकाट्याने दरात मिसळतो.

धुळ्यासारख्या ठिकाणच्या दंत महाविद्यालयांत खर्च कमी येतो, कारण तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. परंतु फेऱ्या वाढतात. म्हसावदहून प्रत्येक फेरीचे भाडे आणि दुकानाचा बुडालेला दिवस त्या बिलात धरावा.

दर विचारताना नलिका किती, कॅप कशाची, तिचे हमीपत्र मिळेल का, एक्स-रे रकमेत धरला आहे का, हे लिहून घ्यावे. स्वस्त वाटलेल्या आकड्यात अनेकदा कॅप धरलेलीच नसते.