मध्यम आकाराच्या मालाची रस्ते वाहतूक : किफायतशीर पर्यायाची निवड
(विशेष संदर्भ : सोलापूर येथील टॉवेल व चादर उद्योग)

प्रास्ताविक :

उत्पादन आणि उपभोग यांमधील स्थळाचे अंतर दूर करून वस्तूला स्थल उपयोगिता प्राप्त करून देणे हे वाहतुकीचे मूलभूत कार्य होय. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत वाहतुकीचे वर्गीकरण रस्ते, रेल्वे, जल व हवाई असे केले जाते. परंतु सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव यांसारख्या शहरांतील लहान उत्पादकासमोरचा प्रश्न याहून वेगळा असतो. त्याचा माल रस्त्यानेच जाणार असतो. मात्र तो माल पार्सल म्हणून पाठविण्याइतका थोडा नसतो आणि मोठा ट्रक भरण्याइतका जास्तही नसतो. साधारणतः एक ते सहा टनांच्या दरम्यानचा हा भार म्हणजे मध्यम भार. सर्वाधिक चुकीचे निर्णय याच टप्प्यात होतात आणि त्यांची किंमत लहान उत्पादकाच्या अगोदरच तुटपुंज्या असलेल्या नफ्यातून वसूल होते. सदर लेखात या निर्णयामागील हिशेब उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) मध्यम भारासाठी उपलब्ध असलेल्या रस्ते वाहतुकीच्या पर्यायांचे स्वरूप समजून घेणे.
२) भाडे आकारणीत वजन व आकारमान यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) भाड्याव्यतिरिक्तचा खर्च, वेळ व जोखीम यांचा निर्णयावर होणारा परिणाम अभ्यासणे.

उपलब्ध पर्याय :

पहिला पर्याय ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोडाऊनमध्ये माल जमा करून बिल्टी घेण्याचा. येथे भाडे किलोवर ठरते. अनेकांचा माल एकत्र करून तो मुख्य केंद्रावर नेला जातो, तेथे उतरवून पुन्हा दुसऱ्या गाडीत भरला जातो. दुसरा पर्याय स्वतंत्र गाडी ठरविण्याचा. यात गाडी रिकामी राहो वा भरो, भाडे पूर्ण द्यावे लागते. परंतु माल कारखान्यातून निघून थेट ग्राहकाच्या दारात उतरतो. तिसरा पर्याय व्यवहारात ‘पार्ट लोड’ या नावाने ओळखला जातो. मोठ्या ट्रकमधील उरलेली जागा दोन-तीन व्यापारी वाटून घेतात व व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात भाडे देतात. माल मध्येच उतरविला जात नाही, त्यामुळे हाताळणी कमी होते. मात्र गाडी भरेपर्यंत थांबावे लागते.

वजन की आकारमान ?

ट्रकची क्षमता दोन प्रकारची असते : वजन पेलण्याची आणि जागेची. शासनाच्या जुलै २०१८ च्या अधिसूचनेने दोन आसांच्या ट्रकचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढविले. वजनदार मालास या वाढीचा लाभ झाला. परंतु ट्रकच्या हौद्याची लांबी-रुंदी त्यामुळे वाढली नाही. हळद, साखर असा जड माल वजनाची मर्यादा आधी गाठतो, तर टॉवेल, चादर असा हलका व फुगीर माल जागेची मर्यादा आधी गाठतो. म्हणूनच ट्रान्सपोर्ट कंपन्या प्रत्यक्ष वजन व आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे आकारतात. पेटीची लांबी, रुंदी व उंची इंचांत मोजून त्यांचा गुणाकार १७२८ ने भागला असता घनफूट मिळतात. त्यास कंपनीने ठरविलेल्या प्रति घनफूट किलोच्या प्रमाणाने गुणले की आकारमानाचे वजन मिळते. हे प्रमाण कंपनीगणिक बदलते. त्यामुळे केवळ ‘किलोला काय भाव ?’ असे विचारून केलेली तुलना अपुरी ठरते.

एक उदाहरण :

सोलापूरहून नागपूरला, म्हणजे सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर, टॉवेलच्या १०० पेट्या पाठवावयाच्या आहेत असे समजू. पुढील दर केवळ हिशेबाची रीत कळावी यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येक पेटी २४ × १८ × १८ इंचांची, म्हणजे ४.५ घनफुटांची असून वजन २५ किलो आहे. एकूण प्रत्यक्ष वजन २,५०० किलो व आकारमान ४५० घनफूट होते. घनफुटास ८ किलो या प्रमाणाने आकारमानाचे वजन ३,६०० किलो भरते.

किलोला ७ रुपये दराने बिल्टीचे भाडे २५,२०० रुपये होईल. कारखान्यापासून गोडाऊनपर्यंतचा टेम्पो, हमाली, वाराई व बिल्टीचा आकार मिळून २,२०० रुपये धरल्यास एकूण खर्च २७,४०० रुपये होतो. याउलट १४ फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट उंच हौद्याच्या, म्हणजे ५०४ घनफुटांच्या स्वतंत्र गाडीचे भाडे २४,००० रुपये असल्यास ती गाडीच स्वस्त पडते. समतोल बिंदू काढावयाचा तर २४,००० मधून २,२०० वजा करून ७ ने भागावे. उत्तर सुमारे ३,११४ किलो येते. आकारणीयोग्य वजन याहून कमी असल्यास बिल्टी व अधिक असल्यास स्वतंत्र गाडी, असा नियम या मार्गापुरता मिळतो.

आता हाच माल पेट्यांऐवजी दाबून बांधलेल्या गाठींत भरला व आकारमान ३०० घनफुटांवर आले असे समजू. आकारमानाचे वजन २,४०० किलो होईल. ते प्रत्यक्ष वजनाहून कमी असल्याने आकारणी २,५०० किलोवर होईल. भाडे १७,५०० व इतर खर्चासह १९,७०० रुपये होईल. म्हणजेच माल तोच, अंतर तेच, दर तोच. केवळ बांधणी बदलल्याने ७,७०० रुपये वाचले आणि योग्य पर्यायही बदलला. वाहतूक खर्चाचा निर्णय ट्रान्सपोर्टच्या कचेरीत नव्हे, तर कारखान्याच्या पॅकिंग विभागात सुरू होतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पार्ट लोडचा हिशेब फुटांवर चालतो. २२ फूट लांब, ७.५ फूट रुंद हौद्यात ७ फूट उंचीपर्यंत माल रचल्यास ४५० घनफूट मालास सुमारे ९ फूट लांबी लागते. पूर्ण ट्रकचे भाडे ३६,००० रुपये असेल तर ९ फुटांचा वाटा सुमारे १४,७०० रुपये होतो. मध्यस्थाने १८,००० रुपये मागितले तरी पेट्यांतील मालासाठी हा पर्याय वरील दोहोंपेक्षा स्वस्त राहतो.

वेळेचे मूल्य :

पार्ट लोडमध्ये चार दिवस थांबावे लागल्यास किती नुकसान होते ? मालाची किंमत १० लाख रुपये व व्याजदर वार्षिक १२ टक्के धरल्यास एका दिवसाचे व्याज सुमारे ३२९ रुपये, म्हणजे चार दिवसांचे सुमारे १,३१५ रुपये होते. वाचलेल्या भाड्याच्या तुलनेत ही रक्कम अल्प आहे. परंतु माल दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या हंगामासाठी असेल व ग्राहकाने तारीख बांधून दिली असेल तर प्रश्न व्याजाचा राहत नाही. संपूर्ण मागणी रद्द होण्याचा धोका निर्माण होतो. सारांश, तारखेचे बंधन नसलेल्या मालासाठी पार्ट लोड व बंधन असलेल्या मालासाठी स्वतंत्र गाडी, हा विवेक उपयुक्त ठरतो.

येथे ई-वे बिलाचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीस १ लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी हे बिल आवश्यक आहे. १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. ६०० किलोमीटरला तीन दिवस मिळतात. वाटेत गाडी बदलणाऱ्या मालाबाबत गाडीचा नवा क्रमांक नोंदविला गेला की नाही व मुदत टिकून आहे की नाही, याची खातरजमा मालधन्यानेही करावी.

जोखीम आणि कायदा :

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचे काही माग होते. एका पावसाळ्यात बिल्टीने पाठविलेल्या पेट्यांपैकी अकरा पेट्या भिजून पोहोचल्या. ग्राहकाने पोचपावतीवर कोणताही शेरा न मारता सही केली आणि आमच्या वडिलांनी लेखी तक्रार करण्याऐवजी महिनोन्महिने फोनच केले. भरपाई मिळाली नाही. वाचविलेले भाडे त्या अकरा पेट्यांच्या किमतीपुढे नगण्य होते.

हा अनुभव अज्ञानाचा होता. रस्ते वाहतूक अधिनियम २००७ हा १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यानुसार माल गहाळ वा खराब झाल्यास दावा दाखल करण्यापूर्वी, माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी नोटीस देणे अनिवार्य आहे. २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराचे दायित्व सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते. वरील उदाहरणात १७,५०० रुपये भाड्यावर ही मर्यादा १,७५,००० रुपये होते, तर माल १० लाखांचा आहे. अधिक जोखमीचा दर देऊन हे दायित्व वाढविता येते किंवा स्वतंत्र वाहतूक विमा उतरविता येतो. यांपैकी काहीच न करता केवळ कमी भाड्यावर समाधान मानणे म्हणजे उर्वरित जोखीम स्वतःच्या शिरावर घेणे होय.

निष्कर्ष :

१) मध्यम भारासाठी कोणताही एक पर्याय सदैव स्वस्त नसतो. प्रत्येक मार्गाचा समतोल बिंदू स्वतंत्रपणे काढावा लागतो.
२) हलक्या मालाच्या बाबतीत बांधणीतील सुधारणा ही दरातील घासाघिशीपेक्षा अधिक फलदायी ठरू शकते.
३) तुलना करताना भाडे, हमाली-वाराई, स्थानिक टेम्पो, विमा व विलंब यांची बेरीज दारापासून दारापर्यंत करावी.
४) पोचपावतीवरील शेरा व मुदतीतील लेखी नोटीस यांवाचून कायद्याचे संरक्षण निरुपयोगी ठरते.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी आपल्या परिसरातील एखाद्या उत्पादकाच्या जुन्या बिल्ट्या विद्यार्थ्यांपुढे ठेवून असा हिशेब करवून घेतल्यास पाठ्यपुस्तकातील स्थल उपयोगितेची संकल्पना त्यांना नेमकी उमगेल. त्या वर्गात एखादा मागवाल्याचा मुलगा वा मुलगी असेल, तर तो हिशेब त्याच संध्याकाळी त्यांच्या घरीही उपयोगी पडेल.