मानेच्या शिरेतले कॅल्शियम

“डॉक्टर, मानेच्या शिरेत कॅल्शियम साचलंय असा रिपोर्ट आलाय. आता दूध बंद करू का?” हा प्रश्न हल्ली मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. वाढदिवसाच्या निमित्ताने आईवडिलांची ‘पूर्ण तपासणी’ करून देण्याची पद्धत मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत चांगलीच रुळली आहे. त्यात मानेची सोनोग्राफी झाली, की साठी उलटलेल्या अनेकांच्या अहवालात ‘कॅल्सिफाइड प्लाक’ हे शब्द येतात. कधी दातांच्या डॉक्टरांनी काढलेल्या जबड्याच्या मोठ्या एक्स-रेमध्येही मानेच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात. शब्द अनोळखी, त्यापुढे टक्केवारी, आणि मग सगळ्या घराची झोप उडते. म्हणून आज या विषयाबद्दल जरा सविस्तर बोलू या.

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा चार रक्तवाहिन्यांमधून होतो. दोन मानेच्या मणक्यांमधून मागच्या बाजूने वर जातात आणि दोन मोठ्या, मानेच्या पुढच्या भागातून, स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूने जातात. या पुढच्या दोन म्हणजे कॅरोटिड किंवा ग्रीवा रोहिणी. सुश्रुतसंहितेत गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या ‘नीला’ आणि ‘मन्या’ यांची गणना मर्मांमध्ये केलेली आहे. मानेतल्या वाहिन्यांचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते.

स्वरयंत्राच्या वरच्या कडेजवळ या रोहिणीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे आणि डोळ्याकडे. पावसाळ्यात नाल्याला जिथे फाटा फुटतो तिथे पाणी रेंगाळते आणि गाळ साचतो, हे आपण दरवर्षी बघतो. इथेही तसेच होते. फाट्याशी रक्ताचा प्रवाह मंदावतो, भोवरे होतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी तिथले आतले अस्तर दुखावले, की त्याखाली चरबी जमू लागते. हा थर म्हणजे प्लाक. वर्षानुवर्षे त्यातल्या पेशी मरतात आणि त्या जागी हाडात असते त्याच जातीचे खनिज जमा होते. अहवालातले कॅल्शियम ते हेच.

म्हणजे हे कॅल्शियम रोजच्या कपभर दुधातून येऊन शिरेत बसलेले नसते. तो जुन्या दुखापतीचा व्रण आहे. दूध-दही बंद करून तो पुसला जात नाही, उलट उतारवयात हाडांचे नुकसान मात्र होते. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, तर त्या ठेवायच्या की नाहीत हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर जरूर विचारा. सलाइनमधून औषध देऊन ‘शिरा धुऊन’ कॅल्शियम काढून देतो असे कोणी सांगितले, तर दुरूनच नमस्कार करावा. मानेच्या शिरा त्याने मोकळ्या होतात याला पुरावा नाही, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते. कॅल्शियमने टणक झालेला थर बहुधा स्थिर असतो. जास्त भीती असते ती मऊ, चरबीने भरलेल्या थराची. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकतो. त्यातूनच अर्धांगवायूचा झटका येतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, म्हणजे स्टॅटिन, घेतल्यावर कॅल्शियम कमी झाले नाही म्हणून लोक निराश होतात. पण त्या गोळ्यांचे काम मऊ थर आवळून घट्ट करण्याचे आहे, आणि ते त्या करतात.

हा आजार आपल्या शहरात किती गंभीर आहे? डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईत पंचविशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांची पाहणी केली. आयुष्यात पहिल्यांदाच अर्धांगवायू झालेले ४५६ रुग्ण त्यात आढळले. त्यांतले जवळजवळ तीस टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. अर्थात प्रत्येक झटका मानेतून येत नाही. काहींमध्ये गुठळी हृदयातून येते, काहींमध्ये मेंदूतली बारीक वाहिनी बंद होते, काहींमध्ये रक्तस्राव होतो. भारतीयांमध्ये कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाणही बरेच आहे. पण मानेतून येणारा झटका पुष्कळदा आधी सूचना देतो, म्हणून त्याची माहिती असणे मोलाचे.

आता दोन रुग्णांची तुलना करून पाहा. मुलुंडचे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा ‘पंचावन्न टक्के अरुंद’ असा अहवाल घेऊन माझ्याकडे आले. त्यांना त्रास काहीच नव्हता, पण भीतीने त्यांनी सकाळचे फिरणे सोडले होते. घाटकोपरच्या एका बाई मात्र गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “परवा पोळ्या करताना उजवा हात दहा मिनिटं मेल्यासारखा झाला. शब्दच फुटेना. मग आपोआप बरं वाटलं. गॅस झाला असेल.” आजोबांना मी पुन्हा फिरायला पाठवले. बाईंना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल केले.

काही मिनिटे टिकून जाणारा असा त्रास म्हणजे छोटा झटका. एका डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखे होऊन पुन्हा दिसू लागणे, हीसुद्धा तशीच खूण. त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. बरे वाटले म्हणून घरी बसणे ही इथे सर्वांत महाग चूक ठरते. उलट नुसते गरगरणे, मान दुखणे किंवा स्पाँडिलोसिस यांचा या आजाराशी सहसा संबंध नसतो.

शस्त्रक्रिया कोणाला? १९९१ मध्ये अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे येऊन गेलेल्या आणि रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या शंभर रुग्णांना नुसती औषधे दिली, तर दोन वर्षांत सुमारे २६ जणांना त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया केल्यावर ९ जणांना. या शस्त्रक्रियेत वाहिनी उघडून आतला थर सोलून काढतात. ती लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत झाली तर फायदा जास्त. काहींना स्टेंट बसवतात. पण चहूबाजूंनी कॅल्शियमचे कडे असेल तर तो नीट उघडत नाही. वाहिनी शंभर टक्के बंद झाली असेल, तर सहसा तिला हात लावत नाहीत.

लक्षणे नसलेल्यांचे गणित वेगळे आहे. आजच्या औषधांनी त्यांचा धोका पुष्कळ कमी राहतो, आणि शस्त्रक्रियेतही झटका येण्याचा थोडा धोका असतोच. म्हणून पंचावन्न टक्क्यांसाठी सुरीकडे धावायचे नसते. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने तर २०२१ मध्ये पुन्हा सांगितले, की लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट अशी तपासणी करू नये. तपासणी झालीच असेल, तर तिचा उपयोग करून घ्या. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. बिडी-सिगारेट आणि मशेरी सोडा. पानातले लोणचे-पापड कमी करा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस असेल, तर ती आवरा. त्या झटक्याने वाहिनीचे अस्तर फाटू शकते.

शेवटी एक काम आजच करून ठेवा. आपल्या घरापासून जवळचे, रात्रंदिवस सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय कोणते, याची चौकशी करा आणि त्याचा फोन नंबर १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाशेजारी भिंतीवर लावा. चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोबडे बोलणे सुरू झाले, तर घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पायांना तेल चोळण्यात आणि नातेवाइकांना फोन करण्यात ही वेळ घालवू नका. माणूस तडक रुग्णालयात पोहोचला पाहिजे.