किड्याचे पैसे वेगळे

संपादकांनी मुघल चित्रांतल्या फुलांवर लिहायला सांगितलं होतं. जयपूरच्या जुन्या शहरात लघुचित्रं काढणाऱ्या एका उस्तादांकडे गेलो तेही फुलांसाठीच. त्यांच्या गुडघ्यावर टेकवलेल्या फळीवर आयरिसचं निळं फूल पूर्ण झालं होतं. शेजारच्या पानावर एक चतुर अर्धवट उतरला होता. अंग झालेलं, डोळे झालेले, पंख बाकी. मग फूल बाजूलाच राहिलं आणि मी त्या पंखांपाशी अडकलो.

या चित्रांचा इतिहास पुस्तकांत सापडतो, म्हणून थोडक्यात. जहांगीरनं मुकर्रबखानाला गोव्याला पाठवलं होतं. 1612 मध्ये तो टर्की आणि इतर अनोळखी पशुपक्षी घेऊन परतला, तेव्हा बादशहानं चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली. पणजोबा बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली पण चित्रं काढवली नाहीत, अशी नोंदही त्यानं आत्मचरित्रात केली. 1620 च्या काश्मीर भेटीत उस्ताद मन्सूरनं शंभराहून अधिक फुलं रंगवली. त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आज उरली आहेत. त्याचं प्रसिद्ध लाल ट्युलिप अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

एव्हाना युरोपातली छापील चित्रं दरबाराच्या ओळखीची झाली होती. 1580 मध्ये गोव्याहून अकबराकडे गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी सोबत अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल नेलं होतं. पुढे वनस्पतींची सचित्र पुस्तकंही आली. मधोमध एक रोप आणि भोवतीच्या मोकळ्या जागेत फुलपाखरं, किडे, ही मांडणी मुघल चित्रकारांनी त्यांच्यावरूनच उचलली. दारा शुकोहनं पत्नी नादिरा बानूला दिलेल्या, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या चित्रसंग्रहात ती पाहायला मिळते. शाहजहानच्या काळात हीच रोपं ताजमहालाच्या संगमरवरावर चढली, गालिच्यांवर आणि कापडावर पसरली. किडा मात्र बहुतेक कागदावरच राहिला.

तो कागदावरच का राहिला असेल, याचा अंदाज उस्तादांचा हात पाहताना येतो. पाकळी गद रंगात होते. गद म्हणजे दाट, खालचं काही दिसू न देणारा रंग. दगडाची किंवा मातीची पूड, त्यात बाभळीचा डिंक आणि पाणी. पातळ थरांवर थर चढवायचे, मग चित्र पालथं घालून पाठीमागून अकिकाच्या दगडानं घोटायचं. या घुटाईनं रंग कागदात दबतो आणि त्याला मीनाकामासारखी चकाकी येते. मग परदाज, म्हणजे एकाच केसाच्या टोकानं टिंबाशेजारी टिंब ठेवत छटा आणायची. फुलात चूक झाली तर वरून आणखी एक थर देता येतो.

पंखाला ही मुभा नाही. पंखातून मागचं पान दिसलं पाहिजे, आणि रंग तर झाकणारा. म्हणून पान आधी पुरं करून घोटून घ्यायचं आणि त्यावर जवळजवळ पाणीच असलेला सफेदा फिरवायचा. अडचण डिंकाची. वाळलेला डिंक पाणी लागताच पुन्हा सुटतो. कुंचला एकाच जागी दुसऱ्यांदा फिरला की खालचा हिरवा वर येतो आणि पंख गढूळ होतो. उस्तादांनी कुंचला भिजवला, अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून जास्तीचं पाणी काढलं आणि पंख खांद्यापासून टोकापर्यंत एका दमात ओढला. तो वाळेपर्यंत हात मागे. मग त्याच पंखात शिरांची जाळी, टोकाशी एक गडद ठिपका. भिंगातून पाहिलं तर पानाची मधली शीर पंखाखालून सलग पुढे गेलेली दिसत होती.

हे पुढे किती दिवस चालेल, असं विचारलं. उस्ताद कुरकुरणारे नाहीत, पण अडचणींची यादी मोठी निघाली. आंब्याची पानं खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून होणारी पिवळी पेवडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. हरताळात सोमल, हिंगुळात पारा, जुन्या सफेद्यात शिसं. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाती हे द्यायला ते धजावत नाहीत. तांब्यापासून केलेला जंगाल सुंदर हिरवा देतो, पण काळाच्या ओघात खालचा कागदच करपवतो. अनेक जुन्या चित्रांना त्याच्यापायी भेगा आणि भोकं पडली आहेत. म्हणून त्यांचं पान निळीत पिवळा मिसळून होतं.

मूळ चित्रं पाहायची तर तीही सोपी नाहीत. प्रकाशानं रंग उडतात, म्हणून संग्रहालयं ती 50 लक्सच्या मंद उजेडात, थोडेच महिने लावतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. नवे कारागीर छापील पुस्तकांवरून शिकतात, आणि छपाईला स्वतःचीच टिंबं असतात. भिंग लावलं की परदाज कुठला आणि छापखान्याचा ठिपका कुठला, हे कळत नाही. बाजारात तर जुन्या स्टॅम्पपेपरवर काढलेली चित्रं चटकन खपतात, कारण पिवळा कागद पाहून गिऱ्हाईक चित्रच जुनं समजतं. त्यापायी चांगले दस्तऐवज वाया जातात.

पण खरा घाव दराचा आहे. दुकानदार चित्राची किंमत इंचावर करतो. अख्ख्या आयरिसला लागतो जवळपास तेवढा वेळ बोटाच्या पेराएवढ्या चतुराला लागतो, आणि इंचाच्या हिशोबात तो मोजला जात नाही. उस्तादांनी मध्यंतरी किड्याचे पैसे वेगळे लावून पाहिले. दुकानदार म्हणाला, मग किडा नको. आता त्यांचा मुलगा मागणीची फुलं किड्याविनाच काढतो. माझ्यासमोरचा चतुर मागणीतला नव्हता, हात चालू राहावा म्हणून उस्तादांनी तो स्वतःसाठी घेतला होता. फूल देखणं होतं, वेळेवर जातं, विकलंही जातं. किडा का नाही, असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही, असं मुलानं सहज सांगितलं. मला काळजी वाटते ती या सहजपणाचीच.