बंद घराचा राखणदार : बिनतारी कॅमेरा किती कामाचा?

मालवण तालुक्यातील आचरे आणि चिंदर या गावांची गावपळण आपण ऐकून असाल. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला, की सारा गाव गुरेवासरे, कुत्री-कोंबड्यांसह वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत काढतो. मागे घरांची राखण देव करतो, ही श्रद्धा.

पण हल्ली किनाऱ्यावरच्या वाड्यांतून फिरताना कायमचीच गावपळण झाल्यासारखे वाटते. घरातले चाकरमानी मुंबईला. चतुर्थी आटोपली, की दाराला लागलेले कुलूप शिमग्याला निघते, नाहीतर मे महिन्यात. काही घरांत एकटे म्हातारे माणूस. अशा घरांच्या पडवीला आता छोटे पांढरे कॅमेरे दिसू लागले आहेत. काजूच्या मोहोरावर काय फवारू, असे विचारणारे शेतकरी मला आता ‘कॅमेरा घेऊ का?’ असेही विचारतात. म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या वाडीत एक काकी एकट्या राहतात. मुलाने मुंबईहून दोन कॅमेरे पाठवले आणि बसवताना लक्ष घालण्याची विनंती मला केली. एक सारे वर्ष मी ते पाहत आलो.

पहिली गोष्ट, बिनतारी म्हणजे विजेशिवाय चालणारा असे समजू नये. चित्र तारेविना जाते एवढेच. कॅमेऱ्याला वीज लागतेच, मग ती प्लगमधून येवो, बॅटरीतून येवो वा सौर पट्टीतून. शिवाय घरात इंटरनेट देणारा डबा, म्हणजे राउटर, चालू हवा. जिथे तो नाही तिथे सिमकार्ड घालायचे कॅमेरे मिळतात. पण घेण्यापूर्वी आपल्या अंगणात कोणत्या कंपनीची रेंज नीट येते ते मोबाइलवर पाहून घ्यावे.

आमचा एक कॅमेरा पडवीत, दुसरा मांगरावर होता. मांगरावरचा चालेना. आपली घरे जांभ्या चिऱ्याची, भिंती हातभर जाड. त्यांतून राउटरची लहर पार होताना क्षीण होते. राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी असतील, तर भिंतींतून 2.4 ची लहर अधिक लांब जाते. तिच्यावर जोडून आणि राउटर खिडकीत आणून आमचे काम भागले.

मग सूचनांचा त्रास सुरू झाला. चित्रात काही हलले की मुंबईत मुलाचा फोन वाजे. वारा सुटला की माडाची झापे हलत आणि रात्रभर त्याला झोप नसे. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य उजेडात कोळ्याचे जाळेही चमकते. शेवटी उष्णता ओळखणारी पद्धत चालू केली. तिला माणूस, गुरू, कुत्रा तेवढे कळते. मात्र भर उन्हात अंगाची आणि हवेची उष्णता जवळपास सारखी झाली, की ती चुकू शकते. तसेच समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस तिला लवकर कळते. म्हणून कॅमेरा वाटेच्या रोखाने लावू नये, वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल असा लावावा.

खरी परीक्षा पावसाने घेतली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडे वीज गेली तेव्हा ती कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस आली नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात बॅटरीवरचा कॅमेरा जागा राहिला, पण राउटर बंद पडला आणि मुंबईत काहीच दिसेना. ज्या रात्री काळजी अधिक, नेमकी त्याच रात्री दिसणे बंद. राउटरला छोटी बॅटरी जोडल्यावर काही तासांची सोय झाली. कॅमेऱ्यात मेमरी कार्डही असावे, म्हणजे इंटरनेट नसले तरी नोंद राहते. सेकंदाला 1 मेगाबिट धरले तर दिवसाला सुमारे 11 गिगाबाइट होतात, म्हणजे 64 गिगाबाइटचे कार्ड पाच-सहा दिवसांत भरते आणि जुने पुसून नवे चढते. म्हणून हालचाल झाली तरच नोंद करावी.

बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी 66 असा आकडा पाहावा. पहिला 6 धुळीचा, दुसरा जोराच्या पाण्याचा. खाऱ्या हवेने मात्र साधे स्क्रू गंजतात. ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने, पासवर्ड न बदललेली लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. त्यांत कॅमेरेही होते. भारतातही अशा कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेची तपासणी एप्रिल 2025 पासून सक्तीची झाली आहे, तेव्हा बिनशिक्क्याचा स्वस्त माल घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसरा कॅमेरा मांगरावर नीट चालेपर्यंत मुलाने तो माजघरात लावायला सांगितला होता, आईकडे लक्ष राहावे म्हणून. मी लावलाही. चार दिवसांनी गेलो तर त्यावर टॉवेल टाकलेला. मी विचारले तेव्हा काकी माझ्याशी बोलल्या नाहीत, कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुका मी दिसतंय रे झिला, पण माका तू खय दिसतंस?”

मला माझीच लाज वाटली. घरासाठी कॅमेऱ्याची पहिली योजना न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने 1966 साली मांडली आणि 1969 साली तिला पेटंट मिळाले. घरात एकटे असताना दारात कोण आले आहे ते आतूनच दिसावे, हा तिचा हेतू. कॅमेरा बाहेर पाही, आणि पाहण्याचा अधिकार घरातल्या बाईचा. आपण तो उलटा फिरवला होता.

माजघरातला कॅमेरा काढला. मुलगा आता रोज दिवेलागणीला फोन करतो आणि दोघे एकमेकांना बघून बोलतात. शेजारच्या घरी किल्ली आणि मुलाचा नंबर ठेवला आहे. श्रावणात एका रात्री खळ्यात कोणी फिरताना मुलाला दिसले. त्याने शेजाऱ्यांना उठवले. बॅटरी घेऊन ते गेले, तर गडगा उतरून आलेले कुणाचे तरी वासरू निघाले. हसू आले, पण पाच मिनिटांत माणूस पोचला हे मुलाने पाहिले. मुंबईहून त्याला स्वतःला यायला रात्र लागली असती.

तेव्हा कॅमेरा जरूर घ्या, पण आधी शेजाऱ्याशी बोला. खळे, वाट, मांगर यांकडे कॅमेऱ्याला बघू द्या. शेजाऱ्याच्या दाराकडे त्याचे तोंड नको. संशय आला तर 112 वर कळवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे मात्र आपणच बघा.