तेरशीची ओहोटी

"डोळे मिटून टाका. जागा निवडायची नाही," सर बजावतात.

माझ्या हातात अर्धा मीटर बाजूची चौकट आहे. पीव्हीसी पाइपची, कोपऱ्यांना लाल टेप गुंडाळलेली. वर्गात हिला क्वाड्रॅट म्हणतात. ती पडेल तिथे आतल्या एकूण एक प्राण्याची मोजदाद करायची आणि बाहेरच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. माझा जीव मघापासून डावीकडच्या डबक्यात अडकलाय. तिथे हिरवट झोअँथिड दाटीवाटीने पसरलेत, एक शंखखेकडा कुठूनतरी मिळवलेलं घर ओढत चाललाय. मी डोळे मिटते आणि चौकट खांद्यावरून मागे भिरकावते. ती नेमकी कोरड्या, काळ्या खडकावर आदळते. आत नुसते बार्नकल. शेकड्यांनी.

"काकू, लागली वाट," माझ्या गटातला वसईचा मुलगा म्हणतो आणि पाठीवरची सॅक काढून तिथेच बसकण मारतो.

वांद्र्याच्या बँडस्टँडखालचा खडक अडीच-तीनपासून उघडा पडतोय. पाणी मागे हटेल तसे आम्ही त्याच्यामागे उतरतोय: एस. वाय. बी.एस्सी.ची मुलं, सर, प्रयोगशाळेतले मामा आणि मी. पौष शुद्ध त्रयोदशी. सरांच्या मोबाइलवर ओहोटीची वेळ चारच्या पुढे काही मिनिटं दाखवतेय. मामांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा त्यांचा हिशेब. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला पूर्ण भरती, म्हणजे सहा-सव्वासहा तासांनी चारला पाणी तळाला. दोन्ही आकडे जुळल्यावर मामा सरांकडे असे बघतात, की सर मोबाइल खिशात टाकतात.

मोजणं सुरू होतं. मी चाळिशी नाकावर घेते, तिच्यापुढे दहापट मोठं दाखवणारी हँड लेन्स, आणि गुडघे कुरकुरत खडकाला टेकवते. मुलांचे डोळे विलक्षण आहेत. ती उभ्याउभ्या मोजतात. मला खडकापासून वीतभर अंतरावर नाक न्यावं लागतं. चौकटीत दोऱ्यांनी पंचवीस घरं पाडलीत, त्यातलं एक घर पुरं करायला मला बराच वेळ लागतो. तोवर वसईकराची तीन झालेली असतात. मग आम्ही एकमेकांची घरं तपासतो. त्याच्या पहिल्या घरात तो म्हणतो एकतीस, मी म्हणते एकोणचाळीस.

"मोठ्यांच्या खांद्यावर बसलेली बारकी धरलीस का?"

"ती पण धरायची?"

"प्राणीच आहेत ना?"

तो मान खाली घालून पुन्हा मोजायला लागतो. मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

एरवी वर्गात माझी अवस्था उलटी असते. मी १९९४ सालची बारावी सायन्स. मग घरच्यांच्या आग्रहाने बी.कॉम., मग विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी, आणि मुलगी नोकरीला लागल्यावर स्वेच्छानिवृत्ती. प्रवेशाच्या वेळी मधल्या सगळ्या वर्षांचं एक गॅप सर्टिफिकेट लागलं. वकिलाने त्यात लग्न, नोकरी, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण हे सगळं दीड ओळीत बसवलं. मला त्याचं कौतुकच वाटलं. दावे विभागात माझीही ख्याती हीच होती. अपघाताचे फोटो, गॅरेजचं बिल, पंचनामा. फाइल उघडली की खरं-खोटं मला दोन मिनिटांत कळायचं. इथे ती सवय आडवी येते. माझ्या जर्नलमध्ये सर जागोजागी लाल शाईत लिहितात: दिसलं ते आधी, कळलं ते नंतर.

आता तेच करतेय. दिसलं ते: राखाडी रंगाचा छोटा सुळका, बाजूंना घट्ट बसलेल्या चुनखडी पाट्या, माथ्यावर फट, फट मिटलेली. हालचाल नाही. लहानपणी गोराईच्या खडकांवर याच्यामुळे तळपाय सोलून निघायचे, तेव्हा तो मला दगडाचाच भाग वाटायचा. खडकाच्या कडेला हातभर खोलगट जागेत पाणी साचलंय. तिथे चौकट नाही, म्हणजे मोजायचं नाही, पण बघायला कोणाची बंदी? लेन्स पाण्याला जवळजवळ टेकवते. सुळक्याची फट उघडते. आतून पिसासारखं काहीतरी बाहेर येतं, पाण्यात अर्धवर्तुळ फिरतं आणि आत ओढलं जातं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ते पाय आहेत. सहा जोड्या, केसाळ, सांधे असलेले. हा प्राणी डोकं खडकाला चिकटवून उलटा बसतो आणि जन्मभर पायांनी अन्न तोंडात ढकलतो. सांधे असलेले पाय म्हणजे हा शिंपल्यांचा कोणी नाही, कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला.

एकोणिसाव्या शतकापर्यंत भलेभले याला शिंपल्यांतच धरत होते. जॉन व्हॉन थॉम्प्सन नावाच्या लष्करातल्या डॉक्टरने बार्नकलची पाण्यात पोहणारी पिल्लं पाहिली आणि १८३० साली याचं खरं गोत्र सांगितलं. त्यानंतर डार्विन. बीगलवरून परतलेला, नाव कमावलेला माणूस १८४६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बार्नकल घेऊन बसला तो पंचेचाळिसाव्या वर्षी उठला. आठ वर्षं. जातींविषयी मोठमोठं बोलण्याआधी निदान एका गटातल्या जाती बारकाईने हाताळलेल्या असाव्यात, ही बोच त्याला होती. त्याच्या एका मुलाला तर, सगळ्यांचेच वडील घरी हेच काम करत असणार, असं वाटायचं म्हणे. शेजाऱ्यांकडे गेल्यावर त्याने विचारलं, यांचे बाबा बार्नकल कुठे करतात? मुंबईच्या धक्क्यांना आणि बोटींच्या बुडाला चिकटणाऱ्या एका जातीचं वर्णनही त्याचंच आहे, १८५४ सालचं. हे सर सांगत असताना मुलं ऐकतात आणि मोजतात. मी मोजणं थांबवून ऐकते. दोन्ही एकदम मला जमत नाही.

"आणि सलीम अली इथेच वर पाली हिलला राहायचे," सर हात वर करून दाखवतात. वर इमारतींशिवाय काही दिसत नाही. "संग्रहालयातली नोकरी होती, पण पक्ष्यांचं रीतसर शिक्षण अपुरं वाटत होतं. १९२९ मध्ये बर्लिनला गेले, श्ट्रेझेमानकडे शिकायला. तिशी उलटली होती. परत आले तर ती नोकरीच शिल्लक नव्हती. मग किहीमला जाऊन सुगरणीची घरटी बघत बसले."

सर हे मला ऐकू यावं म्हणून सांगताहेत, हे मुलांच्याही लक्षात येतं. मी चाळिशी पुसते. सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना माझी माझ्यापेक्षा जास्त काळजी.

चार वाजत आलेत. पाणी आणखी उतरलंय आणि आता खालचा पट्टा दिसतोय: कालवांचा. इथे दुसरी चौकट टाकायची. ही टाकण्याची पाळी सोलापूरच्या मुलीची आहे. समुद्र तिने कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि शिंपला-कालव-खुबे यांत अजून तिचा घोळ होत नाही, कारण ती प्रत्येक वेळी वाकून बघते. मी लहानपणापासून खाल्लेत, त्यामुळे मला बघण्याआधीच चव आठवते. चौकट पडते. आत कालवांच्या पांढऱ्या पाकळ्या खडकाला चिकटलेल्या. काही मिटलेली, काहींची वरची झाकणं गायब.

नोंदवहीत दोन रकाने आहेत: जिवंत आणि मृत. झाकण नाही ते मृत, इथवर सोपं आहे. पण झाकण असलेल्यांचं काय? वसईकर नखाने टोकरून बघतो. प्रतिसाद शून्य.

"मृत," तो म्हणतो.

"मेलेलं नाय ते. मिटलंय."

आवाज मागून येतो. चिंबईच्या एक मावशी आमच्या चौकटीशी उकिडव्या बसल्यात. डोक्याला रुमाल, हातात लोखंडी कोयती, शेजारी झाकणाचा स्टीलचा डबा. बराच वेळ त्या पलीकडच्या खडकावर होत्या, चौकट त्यांच्या वाटेत आली.

"मावशी, कसं ओळखता?" मी विचारते.

"मेलं की आ करतं, बाय. मिटून धराया ताकद लागते ना."

सर एकदम खूश होतात. हेच ते गेल्या आठवड्यात फळ्यावर काढून सांगत होते: सांध्यापाशी स्प्रिंगसारखा चिवट बंध असतो, तो झाकण उघडू पाहतो. आतला अ‍ॅडक्टर स्नायू ते ओढून धरतो. स्नायू मेला की बंध जिंकतो आणि झाकण उघडं पडतं. फळ्यावर अर्धा तास लागला होता. वसईकर मुकाट्याने 'मृत' खोडतो.

"बगायचंय आतलं?" मावशी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता चौकटीबाहेरच्या एका कालवावर कोयतीचं टोक टेकवतात. एक ठोका, मनगटाला हलका पीळ. झाकण निघतं. खालची पाकळी खडकालाच राहते, तिच्यात प्राणी जसाच्या तसा.

सगळा वर्ग वाकतो. मी गुडघ्यांवरच असल्यामुळे पुढची जागा माझी. कडेने काळपट झालर, ती प्रावाराची. तिच्याखाली बारीक दुमडी घातलेले कल्ले. मधोमध तो स्नायू, अर्धा दुधी, अर्धा काचेसारखा. आणि त्याला लागून एका पातळ पापुद्र्याआड काहीतरी फुगतंय, आकसतंय. थांबतं. पुन्हा फुगतं.

"हृदय," सोलापूरची मुलगी हळूच म्हणते.

या मुलांनी आजवर प्राण्याच्या आतलं काहीही प्रत्यक्ष बघितलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतली विच्छेदनं बंद केली, आणि ते बरंच झालं. आमच्या बारावीला ट्रेमधल्या मेणावर टाचणीने जखडलेली झुरळं मला आठवतात. त्यांच्यापासून मी आकृती काढायला शिकले, झुरळाबद्दल फारसं काही नाही. मुलांच्या वाट्याला पडद्यावरचे रंगीत अवयव आलेत, माउस नेला की नाव उमटतं. तिथे हृदय कायम तांबडं असतं. हे जवळपास रंगहीन आहे आणि त्याला घाई नाही.

सर कात्रीत सापडल्यासारखे दिसतात. प्रयोगशाळेत हे चालणार नाही. पण ही प्रयोगशाळा नाही, कोयती कॉलेजची नाही, आणि मावशींना आयोग लागू होत नाही. शेवटी ते खाली बसतात.

"ठोके मोजा," ते म्हणतात. "वेळ कोण लावतंय?"

वसईकर मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करतो. सोलापूरची मुलगी मोठ्याने मोजते. कोणीतरी व्हिडिओ काढायला हात पुढे करतं, मामा तो बाजूला सारतात, सावली पडतेय म्हणून. चार, पाच, सहा. सातव्या ठोक्याला जरा उशीर होतो आणि आम्ही सगळे श्वास धरतो.

"झालं बगून?" मावशी विचारतात. कोयतीचं टोक खालून फिरतं, मांस सुटतं आणि डब्यात पडतं.

"अहो, मिनिट व्हायचं होतं!" मुलगी कळवळते.

"पानी फिरलं, पोरी. माझा डबा अर्धा पन नाय भरला."

खरंच फिरलंय. खालच्या खाचेत मघाशी नसलेलं पाणी चढतंय आणि आमच्या चौकटीची अजून वीस घरं मोजायची आहेत. सर भराभरा माणसं वाटून देतात. मावशी पुढच्या खडकावर सरकतात.

"उद्या या," त्या मान न वळवता सांगतात. "चवदस हाय. पावणेपाचला सुकती."

उद्या रविवार. मुलं एकमेकांकडे बघतात, मग सरांकडे, सर वेळापत्रकाचा विचार करत असावेत.

"मी येते, मावशी," मी म्हणते. "सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन येते."

"घड्याळ कशाला? डबा आण. वाटा दोनशेला."