फोन उघडून बघणारी माणसं

१० ऑगस्ट २०१६ रोजी अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एक एसएमएस आला. मन्सूर हे संयुक्त अरब अमिरातीत मानवी हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते. तिथल्या तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी माहिती हवी असेल तर सोबतची लिंक उघडा, असा तो मजकूर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच एसएमएस. त्यांच्यावर असे डाव आधीही टाकले गेले होते, त्यामुळे त्यांनी लिंकला हात लावला नाही. दोन्ही मेसेज कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवून दिले. तिथल्या बिल मार्झॅक आणि जॉन स्कॉट-रेल्टन यांनी प्रयोगासाठी ठेवलेल्या आयफोनवर ती लिंक मुद्दाम उघडली. एक कोरं पान दिसलं, थोड्या वेळाने सफारी हा ब्राउझर आपोआप बंद झाला. वरवर पाहता काहीच घडलं नव्हतं. आत मात्र ॲपललाही ठाऊक नसलेल्या तीन फटींमधून एक प्रोग्रॅम शिरून बसला होता. इस्राएलच्या एनएसओ ग्रुपचा पेगासस तो हाच. ॲपलला कळवलं गेलं आणि २५ ऑगस्टला आयओएस ९.३.५ हा अपडेट जगभर गेला. ज्यांनी मन्सूर हे नावही कधी ऐकलं नाही, त्यांचे आयफोनसुद्धा त्या पंधरवड्यात सुरक्षित झाले.

मन्सूर यांना मात्र मार्च २०१७ मध्ये अटक झाली आणि पुढल्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा.

मी पुण्यात ॲप्सची सुरक्षा तपासण्याचं काम करते. बँकेचं, दवाखान्याचं, किराणा घरपोच देणाऱ्याचं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते चोराच्या नजरेने उलगडून बघायचं, ही माझी नोकरी. लग्नकार्यात, सोसायटीच्या गणपतीत लोक मला दोनच प्रश्न विचारतात. आयफोन घ्यावा की अँड्रॉइड? आणि माझा फोन कुणी हॅक केला असेल का? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण आपला फोन कशामुळे सुरक्षित राहतो, हे त्यांच्या उत्तरांतून कळत नाही. तो सुरक्षित राहतो कारण कुणीतरी अनोळखी माणूस तो उघडून, खोदून बघत असतो आणि सापडलेलं जाहीर करत असतो. या माणसांना जितकं मोकळेपणी काम करू दिलं जाईल, तितके आपण सगळेच सुरक्षित राहू, असं माझं ठाम मत आहे.

लिनक्सवाल्यांच्या गटात मी कॉलेजात असल्यापासून जाते. शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात जमायचं, चहा मागवायचा आणि वाद घालायचा. एक बाजू म्हणते, ज्याचा सोर्स कोड बघता येत नाही त्याच्यावर विश्वास कसला? ही मंडळी पिक्सेल फोन विकत घेऊन त्यातलं गूगलचं सॉफ्टवेअर काढतात, ग्राफीनओएस ही खुल्या कोडची प्रणाली टाकतात आणि ॲप्स एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या भांडारातून घेतात. दुसरी बाजू विचारते, कोड दिसतो हे मान्य, पण तू तो वाचलास का? तिसरा कुणीतरी केन थॉम्प्सनचं नाव काढतो. युनिक्स घडवणाऱ्या थॉम्प्सनने १९८४ मध्ये छापून आलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिलं होतं, की कोडचं रूपांतर करणारा कंपायलरच बिघडवून ठेवला तर स्वच्छ कोडमधूनही चोरवाट असलेला प्रोग्रॅम तयार होतो. मग सगळे थोडा वेळ गप्प बसतात आणि वाद पुन्हा सुरू होतो.

या वादात मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, आणि त्याला कारण आहे पेगाससचंच २०२१ सालचं एक प्रकरण. सौदी अरेबियातल्या एका कार्यकर्त्याच्या फोनच्या बॅकअपमध्ये सिटिझन लॅबला काही विचित्र फायली सापडल्या. नावाच्या शेवटी जीआयएफ, म्हणजे आपण सणासुदीला पाठवतो तशी हलती चित्रं. पण त्यातल्या काही फायली आतून पीडीएफ होत्या. आयमेसेजवर अशी फाइल येऊन पडली की पुरे, फोनवाल्याने काहीही दाबायची गरज नाही. ॲपलने १३ सप्टेंबरला ती फट बुजवली. पुढे गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या इयन बीअर आणि सॅम्युएल ग्रोस यांनी ती फाइल उलगडली. तेव्हा जे दिसलं ते वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

त्या पीडीएफमध्ये जेबिग२ नावाच्या जुन्या पद्धतीने दाबून बसवलेलं चित्र होतं. स्कॅन केलेल्या काळ्यापांढऱ्या पानांचा आकार कमी करण्यासाठी ही पद्धत निघाली. पानावर एकच अक्षर शंभरदा आलं तर त्याचा आकार एकदाच साठवायचा आणि बाकी ठिकाणी तोच वापरायचा. दोन आकारांत बारीक फरक असेल तर अँड, ऑर, एक्सॉर अशा साध्या तार्किक क्रियांनी तो दुरुस्त करायचा. पण संगणकाचा मेंदूही याच क्रियांचा बनलेला असतो. हल्लेखोरांनी आधी आकड्यांच्या हिशेबातली एक चूक वापरून ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या मेमरीत हात घातला. मग अशा ७०,००० हून अधिक आज्ञा एकापुढे एक मांडून त्या चित्राच्या आतच एक छोटा संगणक उभा केला. तो बेरीज करत होता, तुलना करत होता, फोनची मेमरी चाचपत होता. हेतू नीच होता, पण कारागिरी थक्क करणारी होती, हे मान्य करावंच लागतं.

जेबिग२ उलगडणारा तो कोड मुळात एक्सपीडीएफ या खुल्या प्रकल्पातला होता. कुणालाही वाचता येईल असा! चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती आणि ती आधी सापडली ती हेरगिरीची साधनं विकणाऱ्यांना. म्हणून माझ्या मित्रांना मी सांगते, कोड खुला आहे म्हणजे तो तपासला गेला आहे असं नाही. खुलेपणामुळे तपासायची संधी मिळते, तपासायला मात्र माणूसच लागतो.

असा माणूस वेळेवर भेटला तर काय होतं ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर. दूरच्या मशिनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. आपण अशा वेळी इंटरनेटला दोष देऊन पुढे जातो. तो मागे लागला आणि एक्सझेड या फायली दाबणाऱ्या छोट्या लायब्ररीपर्यंत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिकपणे काम करून, ती लायब्ररी एकट्याने सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला होता. फ्रॉइंडने २९ मार्चला सगळं जाहीर केलं. अजून काही आठवडे गेले असते तर तो दरवाजा जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर पोचला असता. कोड खुला नसता तर फ्रॉइंडला फक्त तो अर्धा सेकंद दिसला असता, त्यामागचं कारण नाही.

हौशी मंडळींचं एक मत मात्र मी खोडून काढते. फोन रूट केला की तो आपल्या मालकीचा झाला आणि म्हणून जास्त खाजगी झाला, असं अनेक तरुणांना वाटतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र ओळख असते, एका ॲपला दुसऱ्याच्या फायली दिसत नाहीत. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली खोली आणि आपापलं कुलूप असावं, तशी ही रचना. रूट करणं म्हणजे सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली तयार करून ती चाळीतच ठेवणं. शिवाय बूट होताना फोन स्वतःची सही पडताळून पाहतो, ती साखळीही बहुधा तुटते. जुन्या फोनमध्ये जीव ओतणारे लोक मला मनापासून आवडतात, पण दोन वर्षं अपडेट न मिळालेल्या रूट केलेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका, हे मी त्यांना तोंडावर सांगते. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. फोन कुठल्या कंपनीचा आहे यापेक्षा ती तारीख मला अधिक सांगते. स्वस्त फोनांचे अपडेट लवकर बंद होतात, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तेच फोन असतात. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम केला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडेही असा नियम यायला हवा.

पेगाससचं एकेक सावज कुणीतरी पैसे मोजून निवडलेलं असतं. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून, तोही न उचललेल्या, सुमारे १,४०० फोनांवर हल्ला झाला. त्यात भारतातलेही होते, आणि आपल्याला व्हॉट्सॲपकडून तसं कळवण्यात आल्याचं नागपूरच्या एका वकिलांनी जाहीरपणे सांगितलं होतं. सामान्य घरात शिरणारी संकटं याहून फार साधी असतात. माझ्या मावशीच्या फोनवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली, शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल. तिने ती उघडली, फोनने विचारलेल्या सगळ्या परवानग्या दिल्या आणि पत्रिका काही दिसेना म्हणून मला फोन केला.

“अगं, आपल्याच ग्रुपवर आली होती, परक्याची कशी असेल?”

“मावशी, आधी फोन एअरप्लेन मोडवर टाक. ज्याच्या नावाने आली त्याचाही फोन असाच गेला असणार.”

तिचे पैसे वाचले, कारण त्या फोनमधल्या सिमला बँकेचं खातं जोडलेलंच नव्हतं. ती फाइल मी घरी आणून जेडॅक्समध्ये उघडली. हे फुकट मिळणारं साधन एपीकेमधला कोड वाचण्याजोगा करून देतं. पत्रिकेचं चित्रसुद्धा आत नव्हतं. एसएमएस वाचण्याची, आल्याबरोबर पकडण्याची आणि पाठवण्याची परवानगी, आयकॉन लपवण्याची सोय आणि आलेला प्रत्येक एसएमएस टेलिग्रामच्या एका बॉटकडे रवाना करणारा छोटासा कोड. ओटीपी चोरायला एवढं पुरतं. अशा वेळी बँकेला कळवायचं आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिल्या तासात तक्रार झाली तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. मावशी बावळट नाही, ती तीस वर्षं शाळा चालवत होती. आपल्या माणसावर विश्वास ठेवला, एवढंच तिने केलं, आणि त्या फाइलवाल्याने मोजलं होतं ते नेमकं तेच.

ती फाइल उघडताना मी कायद्याच्या बाजूने सुरक्षित होते, कारण ती माझ्याच घरच्या फोनवरची होती. एरवी तसं नसतं. एका पॅथॉलॉजी लॅबच्या ॲपमध्ये रिपोर्टचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो, हे माझ्या लक्षात आलं. कुणा अनोळखी रुग्णाची माहिती दिसू नये म्हणून मी माझ्या आणि भावाच्या, अशा दोनच खात्यांवर खात्री केली आणि लॅबला सविस्तर कळवलं. उत्तर आलं ते वकिलाच्या नोटिशीतून. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली विनापरवानगी प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूने तपासून कळवणाऱ्यासाठी त्यात स्पष्ट सूट नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये धोरण जाहीर केलं, की सद्‌हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर हॅकिंगचे खटले भरायचे नाहीत. गोव्यात २०१० पासून भरणाऱ्या नलकॉन या सायबर सुरक्षा परिषदेत मला आपल्याकडची किती तल्लख मुलं भेटतात! त्यांतली कितीतरी जण परदेशी कंपन्यांच्या चुका शोधतात, कारण तिथे आभार आणि बक्षीस मिळतं. इथल्या ॲपमध्ये चूक दिसली तर गप्प बसतात. त्या चुकांतून आपल्याच लोकांचे रिपोर्ट, पत्ते, व्यवहार गळत राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क पाळला जातोय की नाही हे तपासणाऱ्याला संरक्षण देणं, हे त्यानंतरचं काम अजून व्हायचं आहे.

त्याच न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीयांच्या फोनवर पेगाससने पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते तिच्यात होते. समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगाससच असं ठामपणे सांगता येत नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं. अहवाल बंदच राहिला. देशाच्या सुरक्षेच्या गोष्टी जाहीर करू नयेत, हे मला समजतं. पण मालवेअरच्या फायलींची नावं, त्याने फोनवर ठेवलेल्या खुणा, ते ज्या सर्व्हरशी बोलत होतं त्यांचे पत्ते, हे सगळं फोनमालकांची नावं झाकून देता येतं. ॲम्नेस्टीने जुलै २०२१ मध्ये पेगाससच्या अशा खुणा प्रसिद्ध केल्या आणि त्या तपासणारं एमव्हीटी हे साधनही फुकट दिलं. मी ते माझ्या लॅपटॉपवर ठेवलं आहे आणि काळजीने फोन घेऊन येणाऱ्या पत्रकार मित्रांच्या बॅकअपवर चालवते. त्या पाच फोनांमधल्या खुणा समितीने प्रसिद्ध कराव्यात. त्या त्याच साधनात भरून माझ्यासारखी शेकडो माणसं दुसऱ्याच दिवशी कामाला लागतील.