दारू एकाएकीं तोडूं नये

घरांतील पुरुषाचें मद्यपान अनावर झालें, कीं त्यास खोलींत कोंडून दारू तोडवावी, असें आम्हां नाशिककर पांढरपेशांस सुचतें. आम्हां शिक्षकांचा तर छडीवर भरंवसा! परंतु हा उपाय जिवावर बेतूं शकतो. वर्षानुवर्षें पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकदम तुटल्यास पहिल्या दोन दिवसांत त्यास आंकडी येऊं शकते. पुढील दोन-तीन दिवसांत कंप, ज्वर व भ्रम होऊन क्वचित् मृत्युहि ओढवतो. म्हणून वैद्यकीय देखरेखीखालीं औषधें व ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन शरीर सांवरणें हें चिकित्सकाचें पहिलें काम.

मन सांवरण्यास मात्र फार काळ लागतो. डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनीं १९८६ सालीं पुण्यास, येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारांत, ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथें व्यसन हा आजार मानितात, आणि व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच पुढें समुपदेशक होतात. रुग्णांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ हा गट आहे. मला तो विशेष मोलाचा वाटतो, कारण घरचा खरा भार त्याच वाहतात.

कोणास विचारावें हें न कळल्यास १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनि-क्रमांक विनामूल्य आहे. घरच्या मंडळींनींहि तो फिरवावा.